डावऱ्याचा धाकटा

दोन्ही हात धड असताना एका हाताने म्हशीची धार काढणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. मुरगूडजवळच्या त्याच्या गावी मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा तो गोठ्यात उकिडवा बसून उजव्या हाताने धार काढत होता आणि डावा हात टॉवेलात गुंडाळून मांडीवर ठेवलेला होता. एका हाताचं काम, म्हणजे दुप्पट वेळ. म्हैस वैतागून पाय झाडत होती. वडील दारात उभे राहून शिव्या देत होते. त्या शिव्यांची त्याला सवय झाली होती, म्हशीला त्याची झाली नव्हती.

"धाकट्याला कामाला लावत न्हाय मी," तो मला म्हणाला. "थोरला राबतोय. धाकट्याला शिकवायचाय."

थोरला म्हणजे उजवा हात, धाकटा म्हणजे डावा. आमच्याकडच्या कितीतरी घरांत हीच रीत असते. थोरल्याने शेत बघायचं, जनावरं बघायची, आणि धाकट्याला कोल्हापुरात खोली घेऊन कॉलेजात घालायचं. याने ती रीत स्वतःच्या अंगाला लावली होती, इतकंच.

सगळे त्याला डावऱ्या म्हणत. तो बेसबॉलचा पिचर होता आणि मी त्याचा कॅचर. बेसबॉल म्हटलं की कोल्हापुरात अजूनही लोक आधी हसतात आणि मग विचारतात, म्हणजे क्रिकेटच ना? त्यांना मी एवढंच सांगतो, की पिचर म्हणजे बॉल फेकणारा आणि कॅचर म्हणजे बॅटवाल्याच्या मागे उकिडवा बसून तो झेलणारा. फेकणाऱ्याचं नाव होतं आणि झेलणाऱ्याचे गुडघे जातात. माझे गेलेच आहेत. त्याचं मात्र याहून वाईट झालं, आणि ते कधी आणि कसं झालं हे ठाऊक असलेला जगात मी एकटाच होतो. म्हणून हे लिहितोय.

लहानपणी आईने त्याला डाव्या हाताने जेवू दिलं नाही. प्रसाद डाव्या हाताने घेतला म्हणून देवळाच्या दारात फटका खाल्लेला त्याला आठवत होता. त्यामुळे जेवणं, लिहिणं, पाया पडणं सगळं उजव्याने. डाव्याला मोकळीक होती ती फक्त दगड मारायची. शाळूच्या रानात पाखरं हाकलायला त्याला बसवायचे, तिथे तो डाव्याने दगड फेकायचा, आणि पुढे शाळेच्या आवारातल्या चिंचेचा सांगाल तो आकडा पाडायचा. खेळाच्या सरांनी एकदा ते पाहिलं आणि त्याच्या हातात बॉल दिला. डाव्या हाताचा पिचर शंभरात एखादा सापडतो. बॅटवाल्याला त्या बाजूने येणारा बॉल बघायची सवय नसते, तो चाचपडतो. सरांना हे माहीत होतं. घरी सांगायला ते स्वतः गेले, तर आई म्हणाली, "उजव्यानं फेकला तर चालत न्हाय व्हय?"

कोल्हापुरात आल्यावर त्याने त्या हाताचे जे लाड सुरू केले ते बघायला लोक खोलीवर यायचे. त्याने जुन्या स्वेटरची बाही कापली होती. ती भर एप्रिलात डाव्या हातात चढवून फिरायचा. झोपताना धाकट्याला वेगळी उशी. बसमध्ये डाव्या बाजूच्या खिडकीशी जागा मिळाली नाही तर पुढच्या बसची वाट बघायचा, कारण त्या हाताला कुणाचा धक्का लागता कामा नये. कुणी हात मिळवायला पुढे आला तर नमस्कार करायचा, तोही एका हाताने. बादली, पिशवी, गॅसची टाकी, सगळं उजव्याने. एकदा आम्ही मित्र सिनेमाला जायचं म्हणत होतो. हा म्हणाला, "धाकट्याला इचारून सांगतो." आम्ही हसलो. तो खरंच खोलीत गेला, कोपर दाबून बघितलं आणि परत येऊन म्हणाला, "नगं. तिथं एसी असतोय."

हातमोज्याचीही एक गंमत झाली. डाव्याने फेकणाऱ्याला हातमोजा उजव्या हातात घालावा लागतो, आणि आमच्या संघाच्या पेटीत सगळे डाव्या हाताचे. दोन वर्षं तो उलटा मोजा घालून खेळला. शेवटी आम्ही चप्पल लाइनीतल्या एका मामांकडे नमुना घेऊन गेलो. मामांनी मोजा उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "आरं, एका पायाची चप्पल बघून दुसऱ्या पायाची करतोय की आमी. ह्यात काय हाय?" आणि चपलेच्या चामड्याचा मोजा खरंच शिवून दिला. तो नव्या चपलेसारखा करकरायचा. प्रतिस्पर्धी संघ त्यावर हसायचे, पण फक्त पहिल्या डावात.

त्याची सगळ्यात विचित्र सवय मात्र माझ्या हाताशी जोडलेली होती. स्वतःच्या दुखण्यावर त्याचा विश्वास नव्हता. तो म्हणायचा, "दुखायचं तर रोजच दुखतंय. त्याचं काय ऐकायचं? बॉल कसा येतोय ते तू सांग." दर डाव संपला की तो येऊन माझा डावा तळहात उघडायला लावायचा. मोजा कितीही जाड असला तरी चांगला बॉल तर्जनीच्या खाली बसतो आणि तिथलं कातडं लालबुंद होतं. ते लाल दिसलं की त्याचा चेहरा खुलायचा. "बरा हाय धाकटा," म्हणायचा. लाल कमी दिसलं तर संघाच्या सरांना सांगून स्वतःहून बाहेर बसायचा, मग मॅच कुठलीही असो. हात त्याचा होता आणि त्याची खबर माझ्याकडे होती. चार वर्षं मी ती प्रामाणिकपणे दिली, हेही नोंदवून ठेवतो. नंतरचं सांगताना मला त्याचा काही उपयोग नाही.

राज्य स्पर्धेत पहिल्या तिनात आलं की प्रमाणपत्र मिळायचं आणि त्याच्यावर क्रीडा कोट्यातून सरकारी नोकरीला अर्ज करता यायचा. आमच्यातले निम्मे त्या कागदासाठीच खेळत होते आणि त्यात लाजण्यासारखं काही होतं असं मला आजही वाटत नाही. माझे वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार. गाळप बंद झालं की घरी बसायचे. माझं वय सरत चाललं होतं. ती स्पर्धा माझी शेवटची.

डावऱ्याला त्या कागदाची गरज नव्हती. आखातातल्या एका व्यावसायिक लीगची माणसं स्पर्धेनंतर पंधरा दिवसांनी पुण्यात निवड चाचणी घेणार होती आणि त्यांना डावे पिचर हवे होते. तसं पत्र त्याला आलं होतं. कोल्हापूरचा पोरगा पगार घेऊन बेसबॉल खेळणार ही गोष्ट आमच्या सरांनासुद्धा खोटी वाटत होती.

स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी सकाळी उपांत्य सामन्यात तो पूर्ण वेळ फेकत होता. आम्ही हरलो. दुपारी तिसऱ्या क्रमांकासाठी पुन्हा मॅच. सरांनी दुसरा पिचर तयार ठेवला होता, पण तो धावा वाटणारा होता, म्हणून सुरुवात डावऱ्याने केली. पाचव्या डावात मला कळलं. बॉल मोज्यात येत होता, पण हाताला लागत नव्हता. सरळ बॉल उशिरा येत होता आणि शेवटी खाली पडत होता. डावऱ्या दोन बॉलांच्या मध्ये करंगळी झटकत होता. आम्ही एका धावेने पुढे होतो आणि दोन डाव बाकी होते.

डाव संपल्यावर तो नेहमीसारखा माझ्याकडे यायला निघाला. मी म्हणालो, "पाणी पिऊन येतो." पाण्याच्या टाकीमागे मांडवाचा लोखंडी खांब होता. मोजा काढून मी डावा तळहात त्या खांबावर आपटला. पहिल्यांदा हळू बसला. मग जोरात, तीन-चार वेळा, बरोबर तर्जनीच्या खाली. परत आलो आणि हात उघडून दाखवला.

"करंगळीला मुंग्या येत्यात," तो म्हणाला.

"येऊ देत. बॉल चांगला येतोय."

त्याने तळहात नीट बघितला, अंगठ्याने दाबूनही बघितला. "बरा हाय की," म्हणाला. पलीकडून सरांनी मला विचारलं, "त्याचा हात कसा आहे?" मी त्यांनाही तेच सांगितलं.

आणि एवढ्यावर मी थांबलो नाही. त्याचा सरळ बॉल संथ झालाय हे बॅटवाल्यांच्या लक्षात आलं असतं, म्हणून पुढचे दोन डाव मी मांडीआडून सारखी दोन बोटं दाखवत राहिलो. दोन बोटं म्हणजे वळणारा बॉल. तो टाकताना कोपर पिळलं जातं. कुठला बॉल टाकायचा हे कॅचर ठरवतो आणि डावऱ्याने मला कधी नाही म्हटलेलं नव्हतं. आम्ही जिंकलो. त्याने मला उजव्या हाताने मिठी मारली. सहा महिन्यांनी मी सरकारी कचेरीत कारकून म्हणून रुजू झालो, आजही तिथेच आहे.

संध्याकाळी त्याचं कोपर सुजलं. डॉक्टरकडे गेलो तर ते खेळू नको म्हणणार, ते बेसबॉल संघटनेच्या कानावर जाणार आणि चाचणीतून नाव कटणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. म्हणून मी त्याला आमच्या पेठेतल्या तालमीत वस्तादांकडे नेलं. कोल्हापुरात हात-पाय दुखावला की माणूस आधी तालमीत जातो आणि बरं वाटलं नाही तर दवाखान्यात. वस्ताद सत्तरीचे होते. पन्नास वर्षं त्यांनी पैलवानांची हाडं बसवली, नसा उतरवल्या, कुणाकडून चहाही घेतला नाही. आमच्या खेळाला ते 'तुमची फेकाफेकी' म्हणायचे.

त्यांनी कोपर चाचपलं आणि हात काढून घेतला. "लेका, ह्यो कुस्तीतला मार न्हवं. मला ह्यातलं कळत न्हाय. डाक्टरला दाव."

मी म्हणालो, "वस्ताद, बघा की जरा. पोराची चाचणी हाय."

ते तयार नव्हते. मीच दोन-तीनदा गळ घातली. शेवटी त्यांनी तेल कोमट केलं, हळूहळू चोळलं आणि मनगट धरून हात एकदा ओढला. कट असा आवाज झाला. डावऱ्या ओरडला, पण मग म्हणाला, हलकं वाटतंय. पंधरा दिवस त्याने बॉल हातात घेतला नाही आणि गोळ्या खाऊन चाचणी दिली. त्याची निवड झाली. गावात त्याची मिरवणूक निघाली. ट्रॅक्टरवर उभा राहून तो उजव्या हाताने गुलाल उधळत होता, डावा स्वेटरच्या बाहीत.

आखातातून त्याचा एकदा फोन आला. तिथल्या मैदानाबद्दल, जेवणाबद्दल विचारलं तर नीट सांगेना. मग म्हणाला, "हितला कॅचर हात दावत न्हाय रं." पहिल्या सरावानंतर तो सवयीने कॅचरपाशी गेला आणि त्याचा तळहात धरून बघायला लागला. त्या गोऱ्याने हात हिसकावून घेतला आणि सगळे हसले. "मग मला कसं कळायचं?" असं तो मला विचारत होता. मी म्हणालो, "सवय होईल."

त्याची व्यावसायिक कारकीर्द नऊ बॉलांची झाली. नवव्या बॉलला कोपरातली हाडं धरून ठेवणारा पट्टा तुटला. तिथल्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, की हा आधीच अर्धा तुटलेला होता, दुखापत जुनी आहे. ऑपरेशन करून वर्षभर थांबायला संघ तयार नव्हता, त्यांनी परतीचं तिकीट दिलं. विमानात बसल्या बसल्या त्याने 'जुनी म्हणजे कधीची' याचा विचार केला. पाचव्या डावानंतर कॅचरचा तळहात लाल होता, तेव्हा तोपर्यंत हात शाबूत. मग कट असा आवाज कुठे झाला? तालमीत झाला.

आल्या आल्या तो तालमीत गेला. मला बरोबर नेलं, कारण मी साक्षीदार. कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या कडेला पोरं जोर काढत होती. सगळ्यांसमोर तो वस्तादांना म्हणाला, "तुमी माझा हात तोडला."

वस्ताद उठून उभे राहिले. मला वाटलं ते म्हणतील, मी नको म्हणत होतो, यानेच गळ घातली. ते माझ्याकडे बघत होते. मी खाली लाल मातीकडे बघत होतो. शेवटी ते म्हणाले, "झालं आसंल बाबा माझ्या हातनं. वय झालं." एवढंच.

त्या दिवसापासून त्यांनी कुणाच्या अंगाला हात लावला नाही. पाय मुरगळलेला पोरगा आला तरी म्हणायचे, दवाखान्यात जा. तेलाच्या बाटल्या त्यांनी देऊन टाकल्या. तालमीच्या पायरीवर दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसलेले असायचे. कचेरीत जाताना माझा रस्ता तोच होता, मी तो बदलला. मला बोलायला काय झालं होतं? नोकरी जाणार नव्हती, प्रमाणपत्र कुणी परत मागणार नव्हतं. मी भित्रा आहे, याच्यापलीकडे काही कारण नाही. डावऱ्या चारचौघांत वस्तादांचं नाव घेऊन थुंकायचा आणि मी शेजारी उभा असायचो.

पुढे तो गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशी घेऊन येऊ लागला. लोकांसमोर धार काढून द्यायची, पेला भरून. तिथेही एकाच हाताने, पण आता डावा सरळच होत नव्हता. स्वेटरची बाही गेली होती. तो हात पोटाशी दुमडलेला असायचा आणि दंडाला मांस राहिलं नव्हतं. गिऱ्हाईकं विचारायची, पावणं, हाताला काय झालं? तो सांगायचा, "एका पैलवानानं तोडला." रोज दहा जणांना तो हेच सांगायचा.

मागच्या वर्षी वस्ताद गेले. तिसऱ्या दिवशी पंचगंगेवर रक्षाविसर्जनाला शे-दीडशे माणसं होती. डावऱ्याही आला होता, लांब उभा होता. रक्षा सावडून झाली, नैवेद्य मांडला आणि सगळे कावळ्याची वाट बघत थांबले. समोरच्या झाडावर पाच-सहा कावळे होते, एकही खाली येईना. मुलगा म्हणाला, तालीम चालू ठेवीन. मुलगी म्हणाली, आईला सांभाळीन. अर्धा तास गेला. एक म्हातारे पैलवान म्हणाले, "कुणाचं काय ऱ्हायलं आसंल तर बोलून मोकळं व्हा."

मी तोंड उघडणार होतो. खरंच उघडणार होतो, पण एवढ्या माणसांत माझी जीभ उचलली नाही. तेवढ्यात डावऱ्या पुढे आला. नैवेद्यापाशी जाऊन मोठ्याने म्हणाला, "वस्ताद, माझ्यासाठी थांबला आसाल तर जावा. माझा राग न्हाय आता. हाताचं व्हायचं ते झालं. तुमास्नी माफ केलं मी."

कावळा खाली आला आणि त्याने भाताला चोच लावली. बायका रडायला लागल्या. वस्तादांच्या मुलाने येऊन डावऱ्याचा उजवा हात दोन्ही हातांत धरला. "तुज्यामुळं सुटला म्हातारा," म्हणाला. "तीन वर्सं झुरत हुता रं. झोपेत सुदीक म्हणायचा, पोराचा हात गेला माझ्याकडनं." डावऱ्याने मान हलवली. त्याचे डोळे भरले होते आणि तो समाधानी दिसत होता. ते समाधान मला बघवेना.

माणसं पांगली. घाटाच्या पायऱ्यांवर आम्ही दोघंच उरलो तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. पाचवा डाव, टाकीमागचा खांब, दोन बोटं. वस्ताद नको म्हणत असताना मीच गळ घातली, आणि त्यांनी ओढला तेव्हा हात आधीच गेला होता, हेही सांगितलं. सांगताना मी त्याच्याकडे बघू शकलो नाही.

तो मारेल असं मला वाटत होतं. त्याने पाण्याकडे बघतच विचारलं,

"वस्तादांस्नी हे ठावं हुतं?"

"न्हाय. त्यांना वाटलं, त्यांच्याच हातनं झालं."

"मग आत्ता मी माफ कुणाला केलं?"

तो उठला आणि पायऱ्या चढून नैवेद्य मांडला होता तिथे गेला. पत्रावळीवर थोडा भात राहिला होता, कावळे उडून गेले होते. मी मागोमाग गेलो. त्याने माझ्याकडे वळून बघितलं नाही, त्यानंतर आजपर्यंत बघितलेलं नाही. त्या पत्रावळीसमोर उभा राहून तो म्हणाला, "आता म्हाताऱ्याला कुठं गाठू मी?"